रुळालगतची घरं : भोंगा, धडधड, हादरे आणि भिंतीच्या भेगा (नागपूर)

डेसिबल_नागपूर

मनीषनगर-सोमलवाड्यापासून अजनी, गोधनी, कळमना, इतवारी, कामठीपर्यंत रुळाशेजारी राहणाऱ्यांचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत विखुरले आहेत. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग आपल्याच गावात एकमेकांना छेदतात, त्यात कोळशाच्या मालगाड्यांची भर. मालगाडीला दिवस-रात्र नसते.

सुरुवातीलाच एक विनंती. 'ट्रेनचा त्रास' असं सरसकट लिहू नका. त्रास तीन आहेत : भोंगा, चाक-रुळाचा हवेतून येणारा आवाज, आणि जमिनीतून घरात शिरणारा हादरा. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. जाड काचेने हादरा थांबत नाही आणि पाया भक्कम केला म्हणून भोंगा कमी ऐकू येत नाही. हे न तपासता केलेल्या खर्चाचा बराचसा भाग वाया जातो.

आता आवाजाचं मोजमाप. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल (ए) ही मर्यादा आहे; शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते ६. पण हे आकडे सरासरी पातळीचे आहेत. गाडी जाताना मीटरवर ८५ दिसलं म्हणून '४५ च्या जागी ८५' असा अर्ज लिहिला की तो तिथेच कच्चा पडतो.

योग्य रीत अशी : प्रत्येक गाडीचा 'एसईएल' घ्या, म्हणजे ती गाडी जाताना झालेली सगळी ध्वनिऊर्जा एका सेकंदात कोंबली तर येणारा आकडा. बऱ्याच मीटरमध्ये ही सोय असते. मग रात्रीची सरासरी = एसईएल + १० × लॉग (गाड्यांची संख्या) − ४४.६. हे ४४.६ म्हणजे आठ तासांच्या २८,८०० सेकंदांचा हिशेब. उदाहरणार्थ खिडकीबाहेर एसईएल ९५ आणि रात्रीच्या ३० गाड्या : ९५ + १४.८ − ४४.६ = ६५. गाड्या निम्म्या केल्या तरी ६२ च. म्हणून 'रात्रीच्या गाड्या कमी करा' या मागणीत फारसा दम नाही. फरक पडतो तो रुळाच्या अवस्थेने, भोंग्याने आणि तुमच्या खिडकीने.

मीटर किमान क्लास २ चा घ्या, 'फास्ट' आणि 'ए' वर ठेवा, मापनाच्या आधी आणि नंतर कॅलिब्रेटर लावा. माइक जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच, भिंतीपासून साडेतीन मीटर दूर. बाल्कनीत एवढी जागा नसते. मग खिडकीबाहेर १ मीटरवर धरा आणि भिंतीच्या परावर्तनाने साधारण ३ डेसिबल वाढतात हे तक्त्यात लिहा. मोबाइलचं ॲप आधी-नंतरची तुलना करायला ठीक, अर्जाला जोडायला नाही.

---

गोधनीकर

सोसायटीची कंपाउंड वॉल ६ फुटांवरून १० फूट करायची आणि आतून अशोकाची रांग लावायची, असा प्रस्ताव आहे. इमारत चार मजली, रूळ ४० मीटरवर. फायदा किती?

---

डेसिबल_नागपूर

तळमजल्याला काही, वरच्यांना शून्य. भिंत काम करते ती नजर अडवली तरच. खिडकीतून चाकं दिसत असतील तर त्या खिडकीसाठी भिंत नाहीच असं समजा. नजरेची रेषा नुसती टेकली की सुमारे ५ डेसिबल, चांगली अडली की १० ते १२. भिंत एकतर रुळाला चिकटून हवी नाहीतर घराला. मधोमध असली की सगळ्यात कमी उपयोगी. शिवाय अखंड हवी. गेटची फट, पाणी जायची भोकं, वरच्या भागात शोभेची जाळी, सगळीकडून आवाज गळतो. वजनाला मात्र फार लागत नाही, चौरस मीटरला १० किलोपासून पुढे पुरतं, म्हणजे विटांची भिंत गरजेपेक्षा कितीतरी जड आहे.

अशोकाची रांग सावलीसाठी, धुळीसाठी जरूर लावा. आवाजासाठी एक रांग काहीच करत नाही. दाट झुडपांसकट ३० मीटर रुंदीचा पट्टा असेल तर कुठे ५ डेसिबलच्या आसपास.

तुमच्या अंतराबद्दलही एक गोष्ट. मालगाडी ६००-७०० मीटर लांब, म्हणजे ती आवाजाची रेघ आहे. तिच्यापासून अंतर दुप्पट केलं तर फक्त ३ डेसिबल उतरतात. भोंगा हा एक ठिपका. तो दर दुप्पट अंतराला ६ ने उतरतो. आणि वेग दुप्पट झाला की चाक-रुळाचा आवाज ९ ने चढतो.

---

उंबरठा

खिडक्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे चुकीच्या जागी जातो.

नऊ इंची विटेची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत ५० डेसिबल अडवते. साधी ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी २० च्या आसपास. १० चौरस मीटरच्या भिंतीत ५ फूट × ४ फूट, म्हणजे १.८ चौरस मीटरची खिडकी धरा. दोन्ही मिळून अडवतात २७. आता भिंतीवर आतून फोम, जिप्सम, काहीही लावून ती ६० ची केली तरी बेरीज २७ च राहते. तीच खिडकी ३५ ची केली तर ४२. भिंतीला हात लावू नका, खिडकी धरा. (एएसी ब्लॉकची, म्हणजे सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची, ६ इंची भिंत विटेपेक्षा हलकी, तिथे हिशेब थोडा बदलतो, पण क्रम तोच.)

खिडकीतही आधी फट, मग काच. स्लायडिंगच्या कडा आणि मधली जोडरेघ मिळून ६.६ मीटर होतात. त्यावर २ मिलिमीटर फट धरली तर १३२ चौरस सेंटिमीटरचं भोक झालं, खिडकीच्या ०.७ टक्के. एवढ्या भोकावर काच कितीही जाड बसवली तरी २१ च्या वर आकडा जात नाही. ब्रशची पट्टी वारा अडवते, आवाज नाही. दोन वर्षांत ती धुळीने बसते, मग वाराही अडवत नाही.

म्हणून चौकट केसमेंट घ्या, म्हणजे दाराप्रमाणे उघडणारी, ईपीडीएम रबराच्या दोन रांगा आणि हँडलला किमान तीन जागी लॉक. चौकट आणि भिंत यांच्यामधली सांध बहुतेक ठिकाणी नुसत्या पीयू फोमने भरतात. फोम हलका, आवाज आरपार. आत फोम चालेल, पण दोन्ही बाजूंनी सिलिकॉन किंवा ॲक्रिलिक सीलंटची सलग रेघ हवी, आणि सीलंट धरायला गिलावा आधी झाडून कोरडा करायला हवा. मिस्त्री घाई करतात ती इथेच. खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकंही बघा. झडपवाली टोपी मिळते.

काच : ४ मिमी साधी काच २९-३०, ६.३८ लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर) ३३, १०.३८ लॅमिनेटेड (५+५) ३६ च्या जवळ. 'डबल ग्लेझिंग' म्हणून जी ४-१२-४ विकतात ती आवाजासाठी एका काचेपेक्षा जेमतेम १-२ डेसिबल बरी. तिच्या दोन काचा आणि मधली १२ मिमी हवा मिळून २४५ हर्ट्झच्या आसपास घुमतात आणि त्या पट्ट्यात उलट जास्त आवाज आत येतो. उन्हासाठी ती चांगली आहे, त्याच कारणासाठी घ्या. आवाजासाठी सर्वांत परवडणारा उपाय म्हणजे जुनी खिडकी तशीच ठेवून आतून १०० मिमी अंतरावर दुसरी खिडकी. तिची काच बाहेरच्यापेक्षा वेगळ्या जाडीची ठेवा. घुमण्याचा आकडा ७५ हर्ट्झच्या आसपास उतरतो आणि दोन्ही नीट बंद होत असतील तर ४५ पर्यंत मजल जाते. काचेचं वजन दर मिलिमीटरला चौरस मीटरमागे अडीच किलो; बिजागऱ्या त्या हिशेबाने मागवा, नाहीतर सहा महिन्यांत पल्ला खाली बसतो आणि रबर कोपऱ्यात सुटतं.

---

पूर्वेची_गच्ची

उंबरठाताई, हे सगळं पटलं. पण नागपुरात मार्च ते जून खिडकीत कूलर असतो. त्याचं काय?

---

उंबरठा

खरा पेच तोच आहे, आणि त्याचं तयार उत्तर बाजारात नाही. डेझर्ट कूलर दर मिनिटाला ढीगभर हवा आत ढकलतो, ती बाहेर जायला वाट हवीच. वाट नाही दिली तर खोली दमट होते आणि गारवा जातो. म्हणजे दोन भोकं : एक कूलरचं, एक हवा बाहेर जाण्याचं. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ती बंद करा असं सांगणं अव्यवहार्य आहे.

पहिला नियम, कूलर रुळाच्या बाजूच्या खिडकीत बसवू नका. इमारत स्वतःच भिंतीचं काम करते. मागच्या बाजूला समोरच्यापेक्षा १० ते १५ डेसिबल कमी असतात. कूलर मागे किंवा डक्टमध्ये, आणि हवा बाहेर जाणार तीही मागच्याच बाजूने, मधल्या दाराच्या वरच्या झरोक्यातून. रुळाकडची खिडकी पक्की बंद. फ्लॅटमध्ये आरपार वारा मिळत नसेल तर बेडरूमच मागच्या खोलीत हलवा. याला एक पैसा लागत नाही.

नाइलाजाने रुळाकडूनच हवा काढायची असेल तर भोकावर वळणाची पेटी बसवा. १२ मिमी प्लाय, दोन काटकोनी वळणं, मार्गाची लांबी निदान १ मीटर, आतून ५० मिमी ग्लासवूल (घनमीटरला ४८ किलो घनतेचं), त्यावर काचतंतूंचं कापड आणि छिद्रांचा पत्रा. आतला मोकळा छेद कूलरच्या तोंडापेक्षा कमी ठेवू नका, पंखा दमतो. एक मोठी चूक वारंवार दिसते : अशी पेटी कूलरच्या आत येणाऱ्या बाजूला लावतात. तिथल्या ओल्या हवेने ग्लासवूल महिनाभरात भिजून बसतं, वास मारतं, निकामी होतं. ती फक्त बाहेर जाणाऱ्या बाजूला. तिथेही हवा दमट असतेच, म्हणून तळाला पाणी निथळायला उतार द्या आणि जूनअखेरीस पत्रा काढून आतलं वूल वाळवा.

कूलरचा स्वतःचा आवाज ५५-६० असतो, त्यात दूरच्या गाडीची धडधड बुडून जाते. भोंगा मात्र बुडत नाही. उन्हाळ्यात 'आवाज कमी झाला' आणि नोव्हेंबरात 'अचानक वाढला' असं वाटतं, त्यामागे अनेकदा हेच असतं.

---

मातीपरीक्षा

आता भेगा. या विषयावर भावना फार तापतात, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करतो.

हादरा मोजतात जमिनीच्या कणाच्या वेगात, मिलिमीटर प्रति सेकंद. माणसाला ०.१ ते ०.३ वर जाणवायला लागतो. जर्मन मानक डीआयएन ४१५० मध्ये घरांच्या पायाशी १० हर्ट्झखाली ५ ही मर्यादा आहे, तीही गिलाव्यात केसासारखी भेग पडू नये म्हणून. जुन्या नाजूक इमारतींना ३. आपल्याकडे खाणीतल्या स्फोटांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक आहे : वस्तीतल्या घरांना ८ हर्ट्झखाली ५, ८ ते २५ हर्ट्झला १०, त्यावर १५. ते स्फोटांसाठी आहे, रेल्वेसाठी नाही, पण तुलनेला नागपूरकरांना जवळचं. रुळापासून १५-३० मीटरवरच्या घरात गाडीचे हादरे बहुधा १ च्या आतच राहतात. म्हणजे ज्या हादऱ्याने झोप उडते आणि मांडणीतली भांडी वाजतात, तो भिंत फोडण्याच्या पातळीच्या कितीतरी खाली असतो. झोपेचा त्रास खरा आहे, तो वेगळा नोंदवा. भेगेचं खापर मात्र आधी मातीवर तपासा.

नागपूरच्या बऱ्याच भागात काळी कापसाची माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते. हलक्या घराचा उथळ पाया तिच्याबरोबर दरवर्षी वर-खाली होतो. ओळखायच्या खुणा : दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी गेलेली भेग, एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळती, मे महिन्यात उघडते, ऑगस्टात मिटते, पावसाळ्यात दारं अडकतात, प्लिंथभोवतीचं काँक्रीट घरापासून सुटलेलं. जवळपास गळकी नाली, शोषखड्डा किंवा मोठा कडुलिंब-निलगिरी असेल तर संशय पक्का.

रुळाकडच्या भिंतीलाच भेग आहे, यावरून काही सिद्ध होत नाही. त्या बाजूला बहुधा मागचं अंगण, तिथेच बाथरूमचं पाणी आणि झाड.

दुसरी ठरावीक भेग म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर स्लॅबखाली आडवी सरळ रेघ. ती उन्हाने स्लॅब ताणल्याची. तिसरी, काँक्रीटचा कॉलम आणि वीट किंवा एएसी ब्लॉक जिथे भेटतात तिथे उभी रेघ. सांध्यावर गिलाव्याआधी कोंबडी-जाळी न मारल्याची ती खूण. हादऱ्याने जे होतं ते अशा आधीच कच्च्या जागीच : सैल गिलावा सुटतो, जुनी केसभेग लांबते, आणि त्याला ऋतूचं वेळापत्रक नसतं.

खात्री कशी कराल? भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू बसवा, १०० मिमी अंतरावर, आणि व्हर्नियरने ०.१ मिमीपर्यंत अंतर मोजा, दर १५ दिवसांनी. भेगेच्या टोकांशी पेन्सिलने रेघ आणि तारीख. एक अख्खं वर्ष, म्हणजे एक पावसाळा आणि एक उन्हाळा मध्ये यायला हवा. आलेख ऋतूबरोबर वर-खाली गेला तर माती. एकाच दिशेने सरकत राहिला तर पाया खचतोय, स्ट्रक्चरल इंजिनिअरला तातडीने दाखवा.

याच जोडीला एकदा हादऱ्याचं मोजमाप करून घ्या. खाणीतले स्फोट मोजणारे तिन्ही दिशांचे जिओफोन (हादरामापक) नागपुरात खाण-सल्लागारांकडे असतात. एक जिओफोन पायाशी, एक वरच्या मजल्याच्या फरशीच्या मध्यावर, २४ तास, आणि शेजारी गाड्यांच्या वेळांची वही. मोबाइलचा सेन्सर एवढे बारीक हादरे पकडत नाही.

---

गोधनीकर

रूळ आणि घर यांच्यामध्ये ३-४ फूट खोल चर खणून त्यात वाळू भरली तर हादरा कमी होतो असं एका ठेकेदाराचं म्हणणं आहे.

---

मातीपरीक्षा

कृपया करू नका, भाऊ. चर लाटेला अडवतो तो लाटेच्या लांबीच्या निदान ०.६ पट खोल असेल तरच. अशा मातीत पृष्ठलाटेचा वेग सेकंदाला १५० मीटर धरा. २० हर्ट्झच्या हादऱ्याची लांबी ७.५ मीटर, म्हणजे चर साडेचार मीटर हवा. १० हर्ट्झला ९ मीटर. मालगाडीच्या हादऱ्याचा मोठा वाटा याच पट्ट्यातला. चार फुटांच्या चराखालून लाट सहज जाते. वाळू भरल्याने तर तो आणखी कुचकामी होतो. मोकळी हवाच खरी अडवते.

आणि काळ्या मातीत पायाशेजारी चर खणणं म्हणजे उन्हाळ्यात माती सुकवायला आणि पावसाळ्यात पाणी पाजायला वाट करून देणं. जी भेग रेल्वेमुळे नव्हती ती या चरामुळे येईल. त्याच पैशात घराभोवती दीड मीटर रुंद, बाहेरच्या बाजूला १:३० उताराची काँक्रीट पट्टी घाला, पन्हाळी-नाल्यांचं पाणी दूर न्या. मातीतली ओल वर्षभर सारखी राहणं, हेच मुख्य काम.

वरच्या मजल्यावर जास्त हलतं, ही तक्रार मात्र खरी असते. काँक्रीटच्या फरशीची स्वतःची लय १० ते ३० हर्ट्झमध्ये पडते. गाडीची लय तिला जुळली की फरशी पायाच्या दोन-तीन पट हलते. मोठा स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर), पातळ स्लॅब, मध्यावर पलंग असेल तर पलंग बीमजवळ भिंतीला सरकवा, लगेच फरक कळतो. भांड्यांच्या मांडणीखाली आणि काचेच्या कपाटाच्या पल्ल्यांना फेल्टच्या चकत्या.

---

पॉइंट_ब्लेड

रुळाच्या बाजूने थोडं. आवाज-हादरा कुठून येतो ते कानाने ओळखता येतं, आणि तक्रार त्यावरच उभी राहते.

'ठक्' एकाच जागी ऐकू येतो, प्रत्येक गाडीच्या प्रत्येक चाकाला? मग दोष रुळात आहे : बसलेला वेल्ड, फिशप्लेटचा (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचा) सांधा, किंवा काट्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागेच्या) क्रॉसिंगचं झिजलेलं नाक. 'ठक्-ठक्' गाडीबरोबर सरकत जातो? मग एखाद्या डब्याचं चाक चपटं झालंय. सुमारे १ मीटर व्यासाचं चाक ताशी ६० ला सेकंदाला पाचेक फेरे मारतं, तेवढेच ठोके. ब्रेक जाम होऊन चाक घसटलं की ही चपटी जागा पडते. मर्यादा प्रवासी डब्यांना ५० मिमी, मालडब्यांना ६०. पहिल्या प्रकारात जागा सांगा, दुसऱ्यात गाडी आणि वेळ. जागा म्हणजे 'अमुक मंदिरामागे' असं नव्हे, तर विजेच्या खांबावर रंगवलेला क्रमांक. वर किलोमीटर, खाली खांबाचा अनुक्रम. तो क्रमांक लिहिला की सेक्शन इंजिनिअरचा माणूस थेट तिथे जाऊन १ मीटरची सरळपट्टी वेल्डवर ठेवू शकतो. नंबर बघायला रुळावर उतरू नका. पुलावरून किंवा गच्चीवरून मोबाइलच्या झूमने दिसतो.

धडधड एका जागेपुरती नसून पूर्ण पट्ट्यात वाढली असेल तर बहुधा गिट्टी. गिट्टीत माती-कोळशाची भुकटी भरली की तिची स्प्रिंग जाते, पावसाळ्यात चिखल वर येतो, स्लीपर डुलतात. इलाज गिट्टीची छाननी आणि टॅम्पिंग, म्हणजे स्लीपरखाली गिट्टी ठोकून बसवणं. स्लीपरवरची रबर पॅड दबून कडक झाली असली तरी तेच. आणि सुरात 'घूंऽऽ' असा आवाज असेल तर रुळाच्या माथ्यावर लाटा पडल्यात, त्याला ग्राइंडिंग मशीनच लागतं.

भोंग्याबद्दल गैरसमज फार आहेत. लोको पायलट हौसेने वाजवत नाही. फाटकाच्या ६०० मीटर अलीकडे 'सी/फा'ची (सीटी/फाटक) पिवळी पाटी असते, तिथून शिटी देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. रुळावरून लोक ओलांडत असतील तर तो वाजवणारच, आणि वाजवायलाच हवं. म्हणून 'भोंगा बंद करा' हा अर्ज कुठेच जात नाही. चालणारे अर्ज दोन. फाटक बंद होऊन उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग सुरू झाला असेल आणि पाटी अजून उभी असेल तर ती काढण्याचा. दुसरा, जिथे लोक रूळ ओलांडतात तिथे कुंपण आणि पादचारी पूल मागण्याचा. ओलांडणं थांबलं की भोंगा आपोआप कमी होतो, जीवही वाचतात.

अर्ज कुणाकडे, हेही नीट बघा. नागपुरात दोन विभाग आहेत. अजनी, खापरी, गोधनीकडची तक्रार मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे. इतवारी, कळमना, कामठीकडची दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे. दोन्ही मंडल रेल्वे व्यवस्थापकांची कार्यालयं इथेच आहेत. चुकीच्या दारात दिलेला कागद आठवडेच्या आठवडे फिरतो. १३९ ही रेल्वेची हेल्पलाइन मुख्यतः प्रवाशांसाठी. शेजाऱ्यांनी लेखी अर्ज करून पोच घ्यावी, किंवा केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाकून नोंदणी क्रमांक ठेवावा. पंधरा दिवसांचा तक्ता जोडा : तारीख, वेळ, प्रवासी की माल, दिशा, कमाल डेसिबल, शेरा.

---

पूर्वेची_गच्ची

उभ्या गाडीच्या घरघरीचं काय? यार्डाजवळ तासन्‌तास चालते.

---

पॉइंट_ब्लेड

दोन शक्यता. एलएचबी (नव्या पद्धतीच्या डब्यांच्या) गाडीच्या टोकाला जनरेटरचा डबा असेल आणि तो चालू असेल तर डिझेल इंजिनाची घरघर. आता बऱ्याच गाड्यांना इंजिनातूनच वीज मिळते, जनरेटर बंद राहू शकतो. त्यामुळे एखादी ठरावीक गाडी उभी असताना रोज जनरेटर वाजत असेल तर गाडी क्रमांकासकट कळवणं उपयोगी आहे. दुसरी, विजेच्या इंजिनाचे ब्लोअर. ते इंजिन चार्ज असेपर्यंत चालतात. आणि सिग्नलला थांबलेली मालगाडी सुटताना कपलिंग ताणल्याची 'धडाड्‌धड्' मागेपर्यंत धावत जाते, तिला रहिवाशाच्या पातळीवर इलाज नाही.

---

डेसिबल_नागपूर

मेट्रोबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाड्या हलक्या, जोड नसलेले रूळ, आणि रात्री सेवा बंद; त्यामुळे रात्रीच्या सरासरीत तिचा वाटा किरकोळ. त्रास असतो तो दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांना, कारण त्यांची खिडकी पुलाच्या कठड्याच्या उंचीत किंवा वर येते. वळणावर किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर तो चाक रुळावर आडवं घसटल्याचा. त्यावर रुळाच्या माथ्याला घर्षण जुळवणारा लेप देतात. कोरड्या दिवशी जास्त आणि पाऊस पडला की बंद, अशी नोंद केली तर निदान लवकर होतं.

---

उंबरठा

रुळालगत फ्लॅट घ्यायचा विचार असलेल्यांनी दुपारी बघू नये. रात्री ११ ते १ आणि पहाटे ४ च्या सुमारास, खिडक्या बंद करून आणि उघडून, दोन्ही. काटे, सिग्नल, फाटक, गिट्टी नसलेला उघडा गर्डर पूल यांपैकी काही २०० मीटरच्या आत आहे का ते नकाशावर बघा. उघडा गर्डर साध्या मार्गापेक्षा १० डेसिबल किंवा जास्त वाजतो. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू असलेल्या बाजूला आजचं अंतर उद्या राहणार नाही. रेल्वेहद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम असेल तर रेल्वेची ना-हरकत कागदपत्रांत मागा. आणि बिल्डर बेडरूम कुठे ठेवतोय? रुळाकडे जिना, लिफ्ट, स्वयंपाकघर, बाथरूम असावं.

---

मातीपरीक्षा

नवं बांधणाऱ्यांना इतकंच : काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले पायाचे खांब) साडेतीन मीटरच्या खाली, आणि प्लिंथ बीमखाली माती फुगायला मोकळी जागा. खोल्यांचे स्पॅन छोटे ठेवा, स्लॅब जाड. इमारत रबरी बेअरिंगवर उचलण्याची सोय पाया घालतानाच करता येते, नंतर नाही.

---

गोधनीकर

चर रद्द. भेगांचं वर्षभराचं मोजमाप सुरू करतोय. दोन प्रश्न : सुरुवात कधी करायची? आणि स्क्रूऐवजी काचेची पट्टी चिकटवली तर? शिवाय हिवाळ्यात दूरचे भोंगेही जवळ वाटतात, तो भास आहे का?

---

डेसिबल_नागपूर

भास नाही. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा थंड होते, आणि वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो. २-३ किलोमीटरवरचा भोंगा स्पष्ट ऐकू येतो. मोजमापाच्या वहीत तापमान आणि वारा लिहा, नाहीतर जानेवारीचा आकडा जुलैशी ताडून कुणीतरी चुकीचा निष्कर्ष काढेल.

---

मातीपरीक्षा

पहिलं माप मेच्या शेवटच्या आठवड्यात घ्या, पहिल्या पावसाच्या आधी; तेव्हा माती सर्वांत सुकलेली असते आणि भेग सर्वांत उघडी. पुढची पंधरवड्याची मापंही दिवसाच्या त्याच वेळी, शक्यतो सकाळी ७ ला, कारण दुपारच्या उन्हाने भिंतच ताणते.

काचेची पट्टी चालेल, पण ती फक्त 'हललं' एवढंच सांगते. किती आणि कुठे, ते नाही. म्हणून स्क्रू असू द्या, काच सोबत लावा. २ मिमीची, ७५ × २५ मापाची पट्टी, भेगेला आडवी, दोन्ही टोकांना एपॉक्सी, मधला भाग मोकळा. आधी चुना-रंग खरवडून पक्क्या गिलाव्यापर्यंत जा, नाहीतर रंगाचा पापुद्राच सुटतो आणि काच शाबूत दिसते. काचेवर तारीख कोरा. तुटली तर तुटल्याची तारीख शेजारी भिंतीवर लिहा आणि नवी पट्टी तिच्या खाली लावा, जुनी काढू नका.